सातवा टप्पा कुणाचा?

२ मार्च

प्रिय शेंडेफळ,

पाकिटावर दुकानाचा पत्ता पाहून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझा दादा तेवढा एका टाचेपुरता कमी आहे. ती मोडली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून उतरून ज्या माणसाला इतक्या वर्षांत कधी खरचटलं नाही, त्याने घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उडी मारली. आपल्या त्या व्हिडिओ गेममधला चोर, लांबकोट्या, आवाज न करता कसा उतरायचा, ते खालच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवत होता. आवाज झाला.

सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे सहा आठवडे हा बाहेरच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. करमणुकीला माझा फोन घरीच ठेवून घेतो, वाजला की तोच उचलतो आणि स्पीकरवर टाकतो. मेसेज आला तर मलाच मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून हे पत्र, आणि तुझं उत्तरही पत्रानेच, दुकानाच्या पत्त्यावर. शिलाईमशीनवाल्या दोघी जेवायला गेल्यात, मी कापायच्या टेबलावर कोपर टेकून लिहिते आहे.

तर लांबकोट्या. आपला तो खेळ, "चोरपावलं"! (डब्यावरचं खरं नाव आपल्या तिघांना कधी उच्चारता आलं नाही.) तो पुन्हा आलाय. घासूनपुसून, नव्याने रंगवून. पहारेकऱ्यांना आता नाकं आहेत. चौकातल्या वाचनालयाने २४ तारखेच्या रविवारी जुन्या खेळांचा दिवस ठेवलाय. तिथल्या ग्रंथपाल बाई अस्तर लावलेला कोट न्यायला घरी आल्या आणि तुझ्या दादाच्या तावडीत सापडल्या. त्याने सांगितलं. तेच. सातवा टप्पा, आरशांचं दालन, पहारेकऱ्यांची एकही धोक्याची घंटा न वाजवता, तेही अंगात ताप असताना.

बाई भारावल्या. आता वाचनालयाच्या दारावर फलक लागलाय: "आरशांचं दालन, एकाही घंटेविना. मोठ्या पडद्यावर, प्रत्यक्ष." खाली तुझ्या दादाचा फोटो. लग्नातसुद्धा तो एवढा ताठ नव्हता.

आणि खरं काय झालं होतं ते जगात आपल्या दोघींनाच ठाऊक. बावीस वर्षं झाली गं! तू सोळाची, सुट्टीत हुंदडणारी. मी लग्न होऊन सहा महिन्यांची, अजून चुकीची कपाटं उघडणारी. तो कामावर गेला की आपण त्याचा खेळ काढायचो. नियम एकच: टप्पा संपायच्या आत मेमरी कार्ड उपसायचं, म्हणजे तो होता तिथेच राहील आणि त्याला काही कळणार नाही. सातव्या टप्प्यावर तो महिनाभर अडकला होता, त्याच्यामागे आपणही. मग त्या शुक्रवारी मी तो पार केला आणि आपण दोघी गाद्यांवर इतक्या नाचलो, की कार्ड काढायचं राहूनच गेलं. खेळाने आपलं आपण सगळं लिहून टाकलं. संध्याकाळी तुझा दादा बघतो तर आठवा टप्पा! आदल्या दिवशी तो ताप अंगावर काढत खेळला होता. त्याने दोन मिनिटं विचार केला, कपाळाला हात लावून पाहिला आणि ओरडला, "मी तापात केलं!" आपण उशांमध्ये तोंडं खुपसली. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्या लिफ्टवाल्यांना चहा पाजला.

तेव्हापासून दूधवाल्याला सांगून झालं, माझ्या बाबांना सांगून झालं, तोंडात कापूस असताना दातांच्या डॉक्टरला सांगून झालं.

आणि आता तो चोरून सराव करतो. मी दुकानातून येते तेव्हा टीव्ही गरम असतो आणि हा वर्तमानपत्र उलटं धरून बसलेला असतो. काल काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे चोरांसाठी भोंगा बसवलाय का? दिवसातून तीस वेळा वाजतो." तीस वेळा, शेंडेफळ! तीन आठवडे उरलेत. काय करू ते सांग.

तुझी वहिनी

५ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र गाडीत वाचलं. एक शिकाऊ बाई चालवत होत्या, मी शेजारी. "आवाज झाला" इथे मला असं हसू फुटलं की माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर पडला आणि आम्ही भर चौकात गचकन थांबलो. मागून हॉर्नचा कल्लोळ. बाईंना वाटलं त्यांचंच काही चुकलं, त्या रडायला लागल्या. मी हसतेय, त्या रडतायत, आणि सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला.

दादाला अजिबात सांगू नकोस! अगं, बावीस वर्षांची मेहनत आहे. पाय दुखतो म्हणू दे आयत्या वेळी, प्लास्टर काय शोभेला आहे का?

फक्त एक बारीकशी दुरुस्ती. सातवा टप्पा मी पार केला. तू नाही गं. तू उशीखाली तोंड घालून "झालं का, झालं का" करत होतीस. कंट्रोलर माझ्या हातात होता. मला तो अजून जाणवतो, त्याचं डावीकडचं बटण चिकटायचं. वयानुसार होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. मी ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ माणसाला सांगते. गाडी मागे घेताना आरसे बघून घाबरतात ना, त्यांना म्हणते, "आरशांचं भय मला सांगू नका. मी आरशांच्या दालनातून एकही घंटा न वाजवता गेलेली बाई आहे." लगेच गाडी सरळ मागे जाते. माझा नवरा तर पाहुण्यांनाही सांगतो.

दादाला शिकवायचंच असेल तर कृती माझ्याकडून घे: पहारेकऱ्यांवर नजर ठेवायची आणि पळत सुटायचं. बस्स!

तुझं लाडकं शेंडेफळ

८ मार्च

सौ. वन्संबाई यांस, सप्रेम नमस्कार.

आपलं पत्र पावलं. आपली गाडी, आपला ब्रेक आणि आपले यजमान सुखरूप असल्याचं वाचून आनंद झाला.

पळत सुटायचं म्हणे! त्या दालनात पळालं की सहाव्या पावलाला घंटा वाजते. तीन दिवस आपण तेच करत होतात आणि चौथ्या दिवशी कंट्रोलर माझ्या अंगावर फेकून उशीखाली गेलात. उशीखाली आपण होतात, वन्सं. मी नव्हे.

आता मस्करी पुरे. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुझा दादा गोष्ट सांगायला लागला की मी आत जायचे आणि ओट्यापाशी उभी राहून एकटीच हसायचे. वाईट वाटायचं नाही. वाटायचं, निदान एका माणसाला ठाऊक आहे. आता कळलं की त्यालाही नाही. त्या घरात तेव्हा सगळं तुमचं होतं. भांडी तुमची, कपाटं तुमची, जेवताना ज्यावर हसायचे ते विनोदसुद्धा तुमचे जुने. तो एक टप्पा माझा होता. त्यावर तुम्ही भावंडं दोन झेंडे रोवून बसलात, आणि मी तिथे गेलेच नव्हते असं ठरवून मोकळे.

खेळ बाजारात आहे. मिळवा आणि पळत सुटून दाखवा.

आपली भावजय

१४ मार्च

वहिनी, वहिनी, वहिनी,

माझ्याकडे गाडी शिकणाऱ्या एका नर्सकडे तो नवा खेळ निघाला. तिला पार्किंगचा एक जादा तास शिकवायचं कबूल करून चार दिवसांसाठी मागून आणला. रविवारी एक्केचाळीस घंटा. सोमवारी छत्तीस, कारण मध्ये वीज गेली. मंगळवारी मी नवऱ्याला म्हटलं, "नव्या खेळात पहारेकऱ्यांना नाकं दिलीत ना, म्हणून जमत नाहीये." तो म्हणाला, "का, त्यांना वास येतो?" त्याला मी जेवायला वाढलं नाही. त्याने स्वतःचं घेतलं आणि माझंही वाढलं, मग मला अजूनच लाज वाटली.

काल चौपन्नावी घंटा वाजली आणि मला उशी आठवली. तिच्या अभ्र्याची शिवण उसवली होती. त्या भोकातून मला पडद्याचा एक कोपरा दिसत होता आणि तुझी पाठ. तू जमिनीवर मांडी घालून बसली होतीस, अगदी ताठ, आणि स्वतःशीच पुटपुटत होतीस, "माणसांकडे नको, आरशात बघ." वहिनी, ती पाठ मी विसरले कशी? आधी "आम्ही केलं" म्हणायचे बहुतेक. मग सांगता सांगता कधी तुझ्या जागेवर जाऊन बसले, माझं मलाच कळलं नाही. चुकलं माझं. कान धरते. तूच केलंस, तूच, तूच.

शिकाऊ मंडळींना सांगायला सुरुवात केली आहे. पहिलेच काका म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही आरशांची भीती वाटते?" आणि त्यांनी कचराकुंडी पाडली. भोगतेय मी.

पण दादाचं काय? दहा दिवस उरलेत. त्याला सांगितलंस तर त्याचं तोंड बघवणार नाही, नाही सांगितलंस तर सगळ्या चौकासमोर घंटा. मला एक सुचलंय. तू कृती लिहून मला पाठव. मी ती नवऱ्याच्या अक्षरात उतरवून घेते आणि दादाला निनावी टाकते, खाली सही "एक जुना खेळाडू". तो शिकेल, जिंकेल, खूश होईल. मात्र तू हो म्हणालीस तरच. तुझ्या परवानगीशिवाय आता मी त्या दालनात पाऊल टाकणार नाही.

शेंडेफळ (शरमलेलं)

१६ मार्च

प्रिय शेंडेफळ,

पाठीचं वाचलं आणि कात्री खाली ठेवली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, एक बाही घातलेली, एक नुसती. त्यांना म्हटलं, डोळ्यात दोरा गेला. माफ केलं गं तुला. काकांचीही माफी माग.

कृती अशी. आमच्या ट्रायल रूममध्ये तीन आरसे असतात. कोट फसला तर गिऱ्हाईकाला आपलं पडलेलं तोंड दिसता कामा नये, म्हणून सोळाव्या वर्षीच मला शिकवलं होतं: आरशात त्याचे डोळे तुला दिसले की तूही त्याला दिसलीस. नाही दिसले तर खुशाल हवी तशी तोंडं कर. दालनात एवढंच करायचं आहे. पहारेकऱ्याकडे बघूच नये, त्याच्या आरशातल्या डोळ्यांकडे बघावं. पाठ, मान, कान दिसतोय तोवर चालावं. डोळ्याची कड दिसली की टाचणी लागल्यासारखं जागच्या जागी थांबावं. भिंतीपासून शिवणीएवढं अंतर, जास्त नाही. कोपऱ्यावर कापड वळवतात तसं वळावं, ओढून नाही, फिरवून. पहारेकऱ्यांचा कुत्रा आला तर त्याला पुढे जाऊ द्यावं, त्याला आरशातलं काही कळत नाही.

खरं सांगू? हे लिहिताना हात थांबला होता. त्याला खाली पाडायचं माझ्या मनात नाही. तो ते उलटं वर्तमानपत्र धरून बसतो तेव्हा ते सुलटं करून द्यावंसं वाटतं मला. पण मला हे माझंही हवंय. कृतीही देऊन टाकली तर माझ्याकडे काय राहिलं? मग म्हटलं, तू आहेस. एक माणूस पुरे. पाठव.

वहिनी

२१ मार्च

चि. शेंडेफळास अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. लिफ्टच्या तक्रारवहीत लिहितो तसं लिहितो, समजून घे.

आज सकाळी एक निनावी पत्र आलं. सही "एक जुना खेळाडू". पाकिटावर शिक्का तुमच्या पोस्टाचा. अक्षर तुझ्या नवऱ्याचं, वाढदिवसाच्या कार्डांवर बघतो मी ते. या माणसाला हा खेळ येत असेल यावर माझा विश्वास नाही, त्याला कार्डावर माझं वयसुद्धा नीट लिहिता येत नाही. मग मजकूर वाचला. "टाचणी लागल्यासारखं." "शिवणीएवढं अंतर." "कापड वळवतात तसं." अगं येडे, शब्द तरी बदलायचे! मी लिफ्टवाला असलो तरी बावीस वर्षं शिंपीणबाईंच्या घरात राहतोय.

तसं करून पाहिलं. अर्ध्या दालनापर्यंत गेलो. आजवर कधी गेलो नव्हतो. मग कंट्रोलर मांडीवर ठेवून बसून राहिलो. ती संध्याकाळ आठवली, आणि तुमची उशीतली तोंडं. मला वाटलं होतं तुम्हाला माझं कौतुक आवरत नाहीये.

रागवावं म्हणून अर्धा तास प्रयत्न केला. येईना. का ते सांगतो, हे कुणाला बोललेलो नाही. तो टप्पा मी दरवर्षी खेळतो, ती दुकानात असताना. एकदाही जमला नाही. मला वाटायचं, एकेकाळी माझ्यात काहीतरी होतं आणि ते गेलं. दरवर्षी थोडं थोडं जातंय. केस जातात तसं. आज कळलं, ते नव्हतंच! काहीच गेलेलं नाही! मी होतो तेवढाच आहे! इतकं हलकं वाटलं की टाच विसरून ताडकन उभा राहिलो. मग टाच आठवली. काकू वर धावत आल्या, या वेळी भोंगा नव्हता, मी होतो.

एकच गोष्ट लागली. ती इतकी वर्षं आत जाऊन उभी राहायची, आणि मला वाटायचं तिला गोष्टीचा कंटाळा येतो.

रविवारचं माझ्यावर सोड. तिला यातलं अवाक्षर लिहू नकोस.

तुझा दादा

२५ मार्च

प्रिय शेंडेफळ,

आता फोन केला असता तरी चाललं असतं. पण मला हे माझ्या हाताने लिहायचं होतं.

वाचनालय खचाखच भरलं होतं. काकू पहिल्या रांगेत, रोज कोण वाजतं ते एकदाचं बघायला आल्या होत्या. मी मागे, खांबाच्या आड. तुझं ते निनावी पत्र त्याला मिळालंय एवढं मला कळलं होतं, कारण दोन दिवस तो शीळ घालत होता. म्हटलं, चला, शिकला. आनंद होता, आणि थोडं दुखतही होतं. तुझ्यापासून काय लपवू?

तुझा दादा कुबड्या टेकत पुढे गेला. माईक घेतला आणि म्हणाला, "हा टप्पा बावीस वर्षांपूर्वी आमच्या घरात पार झाला, हे खरं. मी पार केला, हे खोटं. मला परवा कळलं. ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट सांगितली त्यांनी हात वर करा." शेंडेफळ, सगळं सभागृह! ग्रंथपाल बाईंचाही हात वर. "तर आता खरी व्यक्ती खेळून दाखवेल," म्हणून त्याने माझं नाव पुकारलं.

मी काय केलं असेन? पळाले. खांबामागून पुस्तकांच्या कपाटामागे, तिथून दाराशी, पावलाचा आवाज न करता. अगदी कडीला हात लावला आणि काकू किंचाळल्या, "ही काय इथे आहे!" एवढी मोठी घंटा मी त्या खेळातही ऐकलेली नाही.

पडद्यासमोर बसवलं. कंट्रोलर नवा, हलका, हाताला ओळख दाखवेना. पहिल्या खेपेला नवव्या पावलाला घंटा. सगळे हसले, मीही हसले, पण कान तापले. तुझ्या दादाकडे बघितलं. तो हसत नव्हता. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू लिफ्ट वर येणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग मी मांडी घातली आणि माणसं विसरून गेले. आरशात मान दिसतेय, चाल. कान, चाल. डोळ्याची कड, थांब. कुत्रा अंगाला घासून गेला. कोपरा वळले. दार उघडलं.

घंटा नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. मग असा आरडाओरडा झाला की "शांतता राखा" ही पाटी खाली पडली. मी रडत होते, हसत होते, आणि काकू शेजारच्यांना सांगत होत्या, "माझ्या वरच राहते ही."

घरी येताना त्याला विचारलं, "राग नाही आला रे?" त्याने ते सगळं सांगितलं, तुला लिहिलं होतं ते. म्हणाला, "मी समजत होतो म्हातारा होतोय. मी तर पहिल्यापासूनच ढ होतो!" एवढा आनंदाने ढ झालेला माणूस मी पाहिला नाही. जिन्यात बसून आम्ही दोघं पोट धरून हसलो, लिफ्टवाल्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती म्हणून.

आता त्याने यादी केली आहे, कुणाकुणाला खरं सांगायचं त्याची. बाबांना कालच फोन झाला, अर्थात स्पीकरवर. बाबा म्हणाले, "मग बावीस वर्षं तुम्ही काय सांगत होता?" हा म्हणाला, "बाबा, तालीम करत होतो."

आज तो कुबड्या घेऊन दुकानात आला. एक गिऱ्हाईक पँटची उंची द्यायला उभं होतं. याने लगेच सुरुवात केली. ऐकते तर काय, आता मी ते एका हाताने केलं आणि दुसऱ्या हातात कात्री होती! म्हटलं, "अरे, कात्री कुठली? आणि पहारेकरी चार होते, नऊ नव्हते." तो फणकारला, "गोष्ट कोण सांगतंय?"

मी टेप गळ्यात टाकली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मी."

तुझी वहिनी